गोखरूला मानाची जागा

डावीकडे मेंढ्यांचा वाडा, उजवीकडे शाळेची चुन्याने रंगवलेली भिंत, पाठीमागे बर्फ पांघरलेले डोंगर आणि मधोमध, ओल्या गवतावर, लाल-काळ्या नक्षीचा एक नमदा, लोकर थापून केलेलं जाड जाजम. पात्रं जमली. बुरुल एजेने टाळी वाजवली.

ती शाळेत जीवशास्त्र शिकवी. थोरली बहीण मानून सगळं गाव तिला एजे म्हणे. पोरांच्या बुटांवर लोकरीचे मोजे चढवून ती त्यांना कुरणातून हिंडवी, मग पायरीवर बसून मोज्यांना चिकटलेले बियांचे काटे वेचायला लावी. पोरं शिकली. मोठी माणसं मात्र माना डोलवत, चहा ओतत आणि विसरत. बाहेरून आलेलं काटेरी गोखरू कुरण गिळत चाललं होतं. गेल्या शरदात लोकर काट्यांनी इतकी गच्च भरली, की नमदे करणाऱ्या बायकांची बोटं रक्ताळली. यंदा बिया पिकायच्या आत सगळ्या गावाचे हात लागले नाहीत, तर कुरण हातचं जाणार होतं. पण वडीलधारे ओस्मोनकुल अता म्हणत, "आपणहून आलंय, देवाने धाडलंय. उपटायचं कशाला?" आणि अता हलेनात तोवर गाव हलत नसे.

म्हणून हा खेळ. आदल्या दिवशी तिने तो पोरांबरोबर खेळून पाहिला होता. नमदा म्हणजे कुरण, त्यावर बसलेली पोरं म्हणजे इथलं गवत. एकाने गोखरू होऊन बाहेरून यायचं, बाकीच्यांनी त्याला अडवायचं. पण गोखरू आलं मात्र, सगळी पोरं उठून उभी राहिली आणि त्याला मानाच्या जागी बसवून मोकळी झाली! पाहुणा आला की उठायचं, हेच घरोघरी शिकवलेलं. खेळ पार फसला. एजे आधी चिडली, मग डोळ्यांत पाणी येईतो हसली. आज तिने मोठ्यांनाच गवत करून बसवलं, आणि अडवायचं वगैरे काही सांगितलंच नाही.

नमदे करणारी झिपार शालीला काटे डकवून गोखरू झाली. "येऊ का, अता?"

"ये सूनबाई, वर बस." अता सरकले.

"एकटी नाही हो, लेकरंबाळं आहेत बरोबर!"

दोघी आल्या, मग आणखी चौघी. अता सरकत राहिले. "आता आम्ही बसायचं कुठे?" मागून कुणीतरी कुरकुरलं.

"गप रे, पाहुणे आहेत!" अता खेकसले आणि धपकन ओल्या गवतावर आले. पोरं खिदळली.

एजे हसली नाही. "अता, तुम्ही कोण होता?"

"गवत."

"मग आता मेंढ्या काय खातील?"

"झिपारला!" एक पोरगं ओरडलं. सगळे हसले. अता मात्र ओली विजार झटकत भरलेल्या नमद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाहुणा कधीतरी निघायचं नाव काढतो, पोरी. हे तर संसार थाटायला आलंय."

दुसऱ्या सकाळी सगळं गाव कुरणात वाकलं होतं. सर्वांत पुढे अता, कातडी हातमोजे घालून, रोपांचे शेंडे भराभर खुडत. एजे धापा टाकत त्यांच्यापर्यंत पोचली.

"मुळासकट, अता, मुळासकट! नुसते शेंडे खुडलेत, तर पुन्हा नमद्यावरून उठवीन हं!"