दोन ठिपके आणि बसभर बेदाणे

थांबा, हे आत्ताच सांगायचंय! कवठे महांकाळहून सांगलीला येताना एसटीत शेजारच्या सीटवरच्या मावशी माझ्या मोबाइलवर आकाशाच्या फोटोतले दोन निळे ठिपके बघून म्हणाल्या, "ह्ये काय गं?"

"मी म्हणते एकच क्वेसार आहे, म्हणजे दीर्घिकेचा झगझगीत गाभा, लय लांबचा. मधल्या दीर्घिकेच्या ओढीनं प्रकाश वाकतो, म्हणून दोनदा दिसतो. साधे तारे असले तर रेडिओ दुर्बिणीत दिसणार नाहीत. वेधशाळेतून तेच उत्तर यायचंय."

मावशी माझ्यासोबत मोबाइलकडंच बघत बसल्या. मेसेज आला. रेडिओतही दोन्ही ठिपके! म्हणजे साधे तारे नव्हतेच! मी किंचाळलेच.

मावशी उठल्या आणि पिशवीतले बेदाणे मुठीमुठीनं बसभर वाटायला लागल्या.

"पोरीचं लगीन ठरलं व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"त्येच्यापरीस मोठं हाय! खा गप."

मिरजेला त्या उतरल्या, नाव विचारायचं राहिलंच. तुमचा आनंद असा कुणी अनोळखी माणसानं वाटलाय का कधी?