वहीत नाव नसलेलं पान

आण्णा पुस्तक खालून वर वाचत. विजेच्या कामाचे नियम देणाऱ्या कोडबुकातला तक्ता उघडला की आकड्यांकडे बघायचेही नाहीत. बोट थेट पानाच्या तळाला, बारीक अक्षरातल्या टिपेवर. म्हणायचे, "वर आकडा लिव्हत्यात. त्यो कधी खोटा पडतोय, ते खाली बारकं लिव्हत्यात."

कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात इमारतींची वीज, दिवे आणि वातानुकूलन यांची डिझाइन होतात. आण्णांचं काम एकच, आमची ड्रॉइंग तपासणं. सगळी कोडबुकं आणि हँडबुकं त्यांच्या लोखंडी कपाटात असत. पुस्तक हवं असेल तर वहीत नाव, पान आणि कारण लिहायचं. पान कशाला, असं मी नवीन असताना एकदा विचारलं होतं. "कोण कुठल्या पानावरनं घसरणार, ते आधी कळतंय."

कंपन्यांच्या कॅटलॉगवर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "स्थळाचा बायोडाटा हाय ह्यो. उंची दोन इंच वाढवूनच लिव्हत्यात." आम्ही दिवे बसवलेल्या एका मंगल कार्यालयात ते लग्नाला गेले आणि पंगतीत जिलबीशेजारी उजेड मोजायचा मीटर मांडून बसले. यजमान बिचारे हात जोडून उभे. आण्णा मीटरकडे बघत म्हणाले, "थांबा, वाढू नगा. सावली पडतीया."

मला मात्र वाटे, त्यांचा खरा संशय माझ्यावर आहे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, ऑफिसात फारशी न बोलणारी. सहा महिने प्रोबेशन होतं. ते संपल्यावर ठेवायचं की नाही, हे साहेब आण्णांना विचारून ठरवणार होते. आण्णा माझ्या ड्रॉइंगच्या जुन्या प्रिंट घरी न्यायचे, न विचारताही. ते माझ्या चुका गोळा करताहेत, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून वहीत नाव लिहायचंच मी टाळू लागले.

शेवटच्या महिन्यात लोखंड वितळवणाऱ्या एका फाउंड्रीच्या शेडचं काम आलं. आण्णा चहाला गेले होते, कपाट उघडं होतं. मी केबलच्या जाडीच्या तक्त्याचा मोबाइलवर घाईने फोटो काढला, आकडा उचलला आणि ड्रॉइंग पुरं केलं. ते दुसऱ्या दिवशी कारखान्याकडे जाणार होतं.

संध्याकाळी आण्णा माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"केबलीचा आकडा कुठनं आणलास?"

"पुस्तकातून."

"वहीत नाव न्हाय तुझं."

तेच पुस्तक इंटरनेटवर बघितलं, असं सांगता आलं असतं. वाक्य ओठांवर तयार होतं. पण मी मोबाइल पुढे केला.

त्यांनी फोटोच्या तळाशी बोट नेलं. "तळ कापलास की गं." कापलेल्या टिपेत लिहिलं होतं की भोवतालची हवा जास्त गरम असेल, तर केबल जाड घ्यावी. आमची केबल पत्र्याखालून, भट्टीशेजारून जाणार होती.

ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"पोरगी चुकलीया. केबल बारीक पडली असती, तापून जळली असती."

"मग? ठेवायची की नाही?"

आण्णा म्हणाले, "ठेवा. इचारल्यावर फोटो दावला तिनं. न दावणारी लई बघितल्यात मी."

माझ्यासमोरून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडून माझ्यापुढे ठेवली, एवढंच.

यंदा त्यांना बारीक अक्षर दिसेना, तेव्हा ते कुरुंदवाडला मुलाकडे गेले. निघताना मी पाया पडले. म्हणाले, "मी तपासल्यालं हाय म्हणून सोडू नगंस. माझंबी तपास."

एप्रिलमध्ये, भट्टी पेटलेली असताना, मी त्या शेडमध्ये गेले. कुणी बोलावलं नव्हतं. शिडीवर चढून, नंतर जाड केलेल्या त्या केबलचं तापमान बघत होते. खालून फोरमन ओरडला, "म्याडम, आण्णांनी पास केल्याली केबल हाय ती! त्यांच्यावरबी इश्वास न्हाय व्हय?"

"न्हाय," मी वरूनच म्हणाले, आणि दुसऱ्या टोकाकडे शिडी सरकवायला सांगितली.