दोघांत एक बशी

दुबईच्या देऱ्याला खाडीच्या काठाने त्या काळी बशीत खायला मिळायचं. ताट नाही, थाळी नाही, बशी. एका दुकानात एकच जिन्नस. तो उभ्याने किंवा बाकड्यावर टेकून खायचा, हात धुवायचे आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागायचं. जुम्म्याची नमाज झाली की आम्ही कोकणातले लोक ही फेरी करायचो. आठवडाभर खोलीवर डाळभात आणि सुकट, जुम्म्याला फेरी.

आता त्यातलं एकही दुकान उरलेलं नाही. तरी कुठे काय मिळायचं ते मी आजही ओळीने सांगेन. मात्र ती ओळ माझी नाही. ती मला भाईने लाँचवर शिकवली, आणि भाईने दुबई कधीच पाहिली नाही.

भाई म्हणजे माझ्या खालाचा, मावशीचा मुलगा. माझ्याहून थोडा मोठा, नुकतं लग्न झालेला. साठच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती. कागदपत्रं कुणाकडेच नव्हती, लाँच मिळाली की माणसं निघत. आमच्या लाँचवर बाकीचे लोक ओकून आडवे पडलेले असताना भाई खाण्याविषयी बोलत राहायचा. गावातल्या एका परत आलेल्या माणसाला खोदून खोदून विचारून त्याने सगळी दुकानं पाठ केली होती. पहिली बशी अब्र्याच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लहान होडीच्या धक्क्याजवळच्या इराण्याकडे, उकडलेले चणे, त्यात वाळवलेलं काळं लिंबू. दुसरी बलुच्याकडे, तव्यावरची कलेजी. मग अब्र्यात बसून पलीकडे जायचं. तिथे एक म्हातारा कागदासारख्या पातळ रोटीवर मासळीची आंबट चटणी फासून देतो. आणि शेवटी ओमानी माणसाचा हलवा, वर कहवा, त्यांची बिनदुधाची कॉफी.

"बशी दोघांत एक, हे ध्यानात ठेव," भाई सांगायचा. "एकट्याने पुरी बशी चाटली तर लोक हसतात. तू माझा जोडीदार."

तो बोलताना बोटांवर दुकानं मोजायचा. उजव्या हाताचं मधलं बोट त्याला अर्धंच होतं. लहानपणी जाळ्याच्या दोरात गेलं होतं. त्या अर्ध्या बोटाशी चटणीची रोटी यायची, आणि तो दर वेळी म्हणायचा, "ही बशी जरा लहान असते."

शेवटी शेवटी त्याला ताप चढला. तरी फेरी चालूच होती, फक्त आवाज बारीक झाला होता.

दुबईच्या बरंच अलीकडे, खोर फक्कानच्या बाजूला उजाडता उजाडता नाखव्याने लाँच किनाऱ्यापासून लांबच थांबवली. पहाऱ्याच्या भीतीने तो जवळ जात नसे. यल्ला यल्ला करत त्याने एकेकाला पाण्यात उतरवलं. पाणी छातीशी होतं. सगळ्यांनी गाठोडी डोक्यावर घेतली. भाईच्या अंगात ताकद नव्हती, म्हणून त्याने मागून माझा खांदा धरला. थोडं चाललो आणि पायाखालची जमीन गेली. मी एकदा खाली जाऊन वर आलो. तो खांद्यावर तसाच होता, आणि मला खाली ओढत होता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. अर्धं बोट सगळ्यात शेवटी सुटलं. "थांब," एवढंच तो बोलला.

मी थांबलो नाही. मागेही पाहिलं नाही.

हे मी आज सरळ लिहितो आहे. तेव्हा किनाऱ्यावर ज्यांनी विचारलं त्यांना वेगळंच सांगितलं. वाळूवर लोकांच्या दोन टोळ्या झाल्या होत्या. एक डोंगरातून शारजाकडे निघाली, दुसरी किनाऱ्याने. मी डोंगराच्या टोळीत घुसलो आणि म्हणालो, तो दुसऱ्या टोळीबरोबर पुढे गेलाय. कुणी शंका घेतली नाही. सगळे थरथरत होते, ज्याचा त्याला जीव प्यारा होता. दुबईला पोचल्यावर आमच्या गावच्या लोकांच्या खोलीत पुन्हा विचारणा झाली, तेव्हा मी म्हटलं की तो अजमानला असल्याचं कानावर आलंय. पुढे एका परतणाऱ्या खलाशाबरोबर हाच निरोप गावी गेला. मी तो थांबवू शकलो असतो. खाला आणि भाभी त्या निरोपावर जगू लागल्या.

पहिल्या जुम्म्याला खोलीतले लोक मला फेरीला घेऊन गेले. धक्क्यावर उतरण्याआधीच मला चण्यांच्या वाफेचा वास आला. भाईने सांगितलं होतं तसंच सगळं होतं. निळ्या काठाच्या बशा, कढईशेजारी काळ्या लिंबांचा ढीग. लोक जोडीजोडीने बसले. मी सुटा राहिलो. इराण्याने माझ्यासमोरही बशी ठेवली. मी एका कडेने खात अर्ध्यावर आलो आणि हात आपोआप थांबला. शेजारच्याने काहीतरी विचारलं म्हणून मान वळवली. परत पाहिलं तर बशी रिकामी होती.

मांजर असेल, मी मनाशी म्हटलं. धक्क्यावर मांजरं खूप होती. पण बशी जागची हललीसुद्धा नव्हती. काठावर पाण्याचे थेंब मात्र होते.

बलुच्याकडेही तेच झालं. पलीकडच्या म्हाताऱ्याकडे रोटीचा अर्धा तुकडा मी डोळ्यांसमोर धरून बसलो, पापणीही लवू द्यायची नाही असं ठरवून. तेवढ्यात कुणीतरी मागून माझ्या खांद्याला हात लावला. वळलो तर मागे भिंत.

मी आजारी आहे असं खोलीतल्यांना वाटलं. लाँचने आलेला प्रत्येक जण काही दिवस असा असतो, ते म्हणाले. त्यांनी माझी थट्टाही केली. एक जण म्हणाला, हा कोकणी नाही, हा मोठा दानशूर, अर्धी बशी खाडीला देतो.

पुढच्या कुठल्यातरी जुम्म्याला इराणी मला पाहून हसला. त्याची हिंदी मोडकीतोडकी होती.

"तुम्हारा जोड़ी अभी खा के गया," तो म्हणाला.

मी विचारलं, कोण जोडीदार. त्याने कढईतला डाव खाली ठेवला, आपली लुंगी पिळल्यासारखं केलं, म्हणजे कपडे ओले. मग उजव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यातून दुमडून मला दाखवलं.

खोलीतल्यांना आनंद झाला. भाईचं बोट ज्यांना माहीत होतं त्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. म्हणजे तो अजमानहून इथे येतो तर, आणि लेकाचा आपल्याला न भेटता चणे खाऊन जातो, असं त्यांचं चाललं. एकाने लगेच गावी निरोप धाडायचं ठरवलं. मी त्यांच्यामध्ये उभा होतो. खरं सांगायचं तर भीतीइतकाच मला दिलासाही वाटला. माझं खोटं आता माझ्या एकट्याचं राहिलं नव्हतं.

फेरी मी टाळू शकलो असतो. टाळली नाही. तो उपाशी राहील असं काहीतरी मनात असावं. दर जुम्म्याला मी अर्धं खात होतो आणि मान वळवत होतो. कुणी न सांगता.

मग भाभीचा थोरला भाऊ आला. तो आगबोटीवर कामाला होता, कागदपत्रांवर रीतसर उतरला. कमी बोलणारा माणूस. खोलीवर चहा घेताना त्याने येण्याचं कारण सांगितलं. भाभीच्या मागे सासरचे आणि माहेरचे दोन्हीकडचे लोक लागले होते. नवरा जिवंत असेल तर त्याने यावं, नाहीतर बोलावून घ्यावं. नसेल तर ती इद्दतीला बसेल, म्हणजे विधवेचा सुतकाचा काळ पाळून मोकळी होईल. जनाज्याची नमाज होईल. मय्यत समोर नसली तरी आमच्यात ती नमाज होते, पण माणूस गेल्याचं कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. तसं सांगणारा कुणी नव्हता.

"ती ना बायको आहे ना विधवा," तो म्हणाला. "मला खरं काय ते घेऊन जायचंय. चल, दुकानं दाखव."

जुम्म्याची वाट न पाहता आम्ही निघालो. ऊन होतं, खाडीचं पाणी शिशासारखं स्थिर. इराण्याने विचारायच्या आतच बोट दुमडलं. बलुच्याने मान हलवली, हो, कलेजी चांगली भाजलेली मागतो. गिऱ्हाईक विचारेल त्याला हे लोक हो म्हणतात, मी स्वतःला समजावत होतो. पण पलीकडच्या म्हाताऱ्याने रोटी लाटता लाटता जे सांगितलं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, तुमचा माणूस दर वेळी कुरकुर करतो की माझी बशी बाकीच्यांपेक्षा लहान आहे.

भाभीचा भाऊ हसला. मला आठवतं, त्याचे डोळे भरले होते.

"हा तोच," तो म्हणाला. "दुसरा कोण असणार? जिवंत आहे हरामखोर."

ओमानी माणसाच्या दुकानात आम्ही बसलो. हलव्याची बशी आमच्या दोघांत आली. तो उद्याच्या आगबोटीचं बोलत होता. बहिणीला सांगेन, कितीही वर्षं लागोत, वाट बघ. तो खात होता आणि बशीतली त्याची बाजू कमी होत होती. माझ्या बाजूला मी हात लावला नव्हता, तरी तीही कमी होत होती. त्याचं लक्ष नव्हतं. माझा उजवा खांदा ओला झाला होता. मी हात लावून पाहिला, सदरा खरोखर भिजला होता, आणि जिभेला लावला तर खारट.

ती वाट बघत म्हातारी होईल, हे मला त्या क्षणी जसं दिसलं तसं आधी कधी दिसलं नव्हतं.

"तो मेलाय," मी म्हणालो. "उतरलो त्याच दिवशी बुडाला. मी बघितलं."

त्याने कहव्याची वाटी खाली ठेवली. आवाज न चढवता विचारलं, मग हे दुकानदार कुणाला बघतात. मी म्हटलं, मला माहीत नाही. इतके दिवस बोलला का नाहीस, त्याने विचारलं. मी म्हटलं, घाबरलो होतो. त्याने मला मारलं नाही. मारलं असतं तर बहुधा पुढचंही बोललो असतो. तो बराच वेळ माझ्या खांद्याकडे बघत होता. मग उठला आणि म्हणाला, असरच्या, तिसऱ्या प्रहरीच्या नमाजेला मशिदीत सगळ्यांसमोर उभा राहा आणि हे सांग.

मी उभा राहिलो. गायबाना जनाज्याची नमाज झाली. या वेळी निरोप नव्हे, भाभीचा भाऊ स्वतः खबर घेऊन गावी गेला. भाभी इद्दतीला बसली, आणि काही वर्षांनी तिचं दुसरं लग्न झालं. एवढं तरी माझ्या हातून बरं झालं, असं लोक म्हणत. खालाने मला दुवा पाठवली. ती दुवा मी घेतली. बुडाला, हे मी सांगितलं होतं. बोटं सोडवली, हे सांगितलं नव्हतं.

नमाज झाल्यानंतरच्या जुम्म्याला मी एकटाच धक्क्यावर गेलो. वाटलं होतं, आता बशी तशीच राहील. अर्धी खाल्ली, मान वळवली, परत पाहिलं. रिकामी. इराणी या वेळी हसला नाही.

"आज बहुत काँप रहा था," तो म्हणाला. "इसको घर ले जाओ."

त्यानंतर मी फेरी सोडली. कामही देऱ्यातून शारजाला घेतलं. तिथेच पुढे संसार झाला. बशीतलं अर्धं ठेवायची सवय मात्र माझ्याबरोबर आली. बायको सुरुवातीला चिडायची. मग म्हणू लागली, ठेवता कशाला आणि मी पाठ फिरवली की चोरून खाता कशाला. मी म्हणायचो, हो, मीच खातो. मुलं हसत, पापा, फिनिश इट. त्यांच्या लेखी ती बापाची एक खोड. टेबल पुसताना बायको कधी कधी विचारायची, इथे पाणी कुणी सांडलं.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. भाभीच्या घरी जायचं मी दर खेपेला टाळत आलो होतो. या वेळी गेलो. तिचे केस पांढरे झाले आहेत, मुलगे कमावते आहेत. घरी ती एकटीच होती. ओट्यावर बसून तिने इकडचं तिकडचं विचारलं, आणि मी मध्येच, काही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. ताप, खांदा, पाणी. बोटं कशी सोडवली, शेवटी कुठलं सुटलं.

ती शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"काही बोलला का?"

"थांब म्हणाला."

तिने मान हलवली. मग शेंगा बाजूला सारल्या. ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही, मी उठून जावं. चपला घालतच होतो, तेवढ्यात ती बशी घेऊन आली. सकाळचे उकडलेले चणे, वर ओलं खोबरं. माझ्यासमोर ठेवून ती पुन्हा शेंगांपाशी बसली.

मी खाऊ लागलो. अर्ध्यावर हात थांबला. सवयीने मान वळवली, अंगणातल्या माडाकडे बघत राहिलो. परत पाहिलं.

अर्धी बशी तशीच होती. खोबऱ्याचा कीससुद्धा हलला नव्हता. मी पुन्हा मान वळवली, या वेळी जास्त वेळ. तरी तशीच. खांद्याला हात लावून पाहिला. कोरडा.

भाभी माझ्याकडे बघत होती.

"सगळं खा," ती म्हणाली. "कुणासाठी ठेवतोस?"

मी खाल्लं. बशी रिकामी होईपर्यंत ती समोरून उठली नाही.