पाकिटातला धुतलेला पाला

आमच्या घरी पालेभाजी तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय विळीपर्यंत पोचत नाही. आई मूळची मालवणकडची. जोगेश्वरीत उभा जन्म गेला, तरी तिसऱ्या पाण्यात मीठ टाकायचं तिने सोडलेलं नाही. त्या संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसातून येताना मी लेट्यूसचं पाकीट आणलं. माझी आठ वर्षांची लेक मैत्रिणीच्या डब्यात सॅलड बघून आली होती, हट्टच धरून बसली होती. आई पाकीट घेऊन नळाकडे वळली. मी दमलेली, वैतागलेली. खेकसले तिच्यावर, ‘‘अगं आई, वर छापलंय ना, धुतलेलं आहे, थेट खा! प्रत्येक गोष्टीत काय तुझं ते मीठपाणी?’’ तिने पाकीट गुपचूप ओट्यावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी लेकीला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पुढे लघवीच बंद झाली. आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर मी किती दिवस काढले, मोजले नाहीत. पोर वाचली. मूत्रपिंडं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. गोळ्या अजून चालू आहेत, रक्त तपासणंही.

त्याच हॉस्पिटलात तोच पाला खाऊन आलेली आणखी दोन मुलं होती. सरकारी तपासणीत दुकानातल्या त्याच खेपेच्या पाकिटांत जंतू सापडले. मी ग्राहक आयोगात तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, पालेभाजी घरी धुऊन घेणं ही ग्राहकाची जबाबदारी. वाचून माझं डोकंच फिरलं. मेल्यांनो, मग छापलंत कशाला?

वकीलबाईंसमोर आई ताठ बसली आणि म्हणाली, पाला मी स्वतः धुतला होता, तीन पाण्यांत. मी बघतच राहिले. आयुष्यात खोटं न बोललेली बाई! वकीलबाईंनी समजावलं, शपथेवर खोटं चालणार नाही. आणि धुतला म्हणालात तर कंपनी तुमच्या टाकीच्या पाण्यावर ढकलून मोकळी होईल. आई हटेना. शेवटी मीच प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की आई धुवायला निघाली होती, छापलेलं वाचून मी तिला अडवलं. वकीलबाई म्हणाल्या, आपली केस याच वाक्यावर उभी आहे. असेल. मला त्यात फक्त माझा गुन्हा दिसत होता.

त्यानंतर आईने त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. ती मनातून मलाच दोष देते, असं मी धरून चालले. रागही तिच्यावरच काढत राहिले, ती ऐकून घेत राहिली.

निकाल दोन वर्षांनी लागला. कंपनी दोषी ठरली. पाकिटावरच्या मजकुरावर विश्वास ठेवला यात मुलीच्या आईची काही चूक नाही, असं आयोगाने स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं आणि मला रडूच फुटलं. आई मेथी निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली,

‘‘तुझी चूक नाय, ह्या सांगूक तेंका दोन वर्षां लागली? माका इचारूचा होता.’’