अर्ध्यात तुटलेलं मिक्स

आमच्या गल्लीत फोन फक्त आमच्याकडं होता, आणि इंटरनेटही त्याच तारेवर चालायचं. ते चालू असलं की बाहेरून लावणाऱ्याला एंगेजच लागायचं.

त्या दुपारी मी घरी कॉम्प्युटरवर जुळवलेलं इलेक्ट्रॉनिक संगीताचं मिक्स इंटरनेटवरच्या एका फोरमवर चढवत होतो. कुंभार पिंपळगावात माझ्या या धडधडीला कुणी विचारत नव्हतं, तिथं मात्र न पाहिलेली माणसं वाट बघत होती. अर्धी फाइल गेली तेवढ्यात शेजारच्या काकू येऊन फोनजवळ बसल्या. काकांना सकाळीच जालन्याला दवाखान्यात हलवलं होतं. मुलगा तिथून कळवणार होता.

"पोराचा फोन आल्ता का?"

"न्हाई, काकू."

येणार कुठून? पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

"बंद तर न्हाई पडला?" म्हणत त्यांनी रिसीव्हरला हात घातला. उचलला की माझं कनेक्शन तुटणार.

"उचलू नका," मी खेकसलो.

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. मी कॉम्प्युटरला जोडलेली फोनची वायर उपटली.

वायर हातात होती तोच फोन वाजला. "कवाचा लावून राह्यलो," मुलगा ओरडत होता. काका शुद्धीवर आले होते.

दुसऱ्या दिवशी अर्धीच चढलेली फाइल ऐकून फोरमवर एकानं लिहिलं होतं, मिक्स ऐन भरात येऊन खाडकन तुटतं, असा शेवट करायला हिंमत लागते.

उरलेला भाग मी कधीच चढवला नाही.