गणपतरावांचा अर्धा कप आणि जिन्यातला स्विच

चिन्मय, सई — तुमची आजी असल्या गोष्टी मानणारी नाही. बदलापूरच्या या फ्लॅटची वास्तुशांत चालू होती, तेव्हा मी गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का ते बघत होते. तरी हे लिहून ठेवते आहे... कारण चिन्मय तिकडे नेटवर्कचंच काम करतो, आणि मला उत्तर हवं आहे.

साल २००६ असावं. अंबरनाथच्या एका कॉलेजात मी ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. सर्व्हर तळमजल्यावर, नवी कॉम्प्युटर लॅब दुसऱ्या मजल्यावर. परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची. चाळीस मुली रांगेत, आणि लॅबमधलं एकही मशीन चालेना.

जिन्याच्या वळणावर, भिंतीवरच्या स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र येतात त्या डब्याला, लॅपटॉप जोडून हरेशभाई बसले होते. उल्हासनगरहून येणारे आमचे नेटवर्कवाले, पन्नाशीचे.

"मॅडम, वरची मशीनं ओरडतात, मला पत्ता द्या. पत्ते वाटणारा सर्व्हर खाली. आवाज खालपर्यंत पोचतच नाही. म्हणून स्विचला सांगायचं, वरचा अर्ज खाली ने, जवाब वर आण. इसको बोलते डीएचसीपी रिले."

"म्हणजे शिपाई."

"एकदम शिपाई!"

मला आमचे गणपतराव आठवले. मोरिवलीचे. तीस वर्षं याच वळणावर स्टूल टाकून बसले, वरचे कागद खाली, खालचे वर. त्यांचे नियम दोन: जावक क्रमांकाशिवाय कागद हलणार नाही, आणि निघण्याआधी अर्धा कप चहा. प्रिन्सिपॉलांनाही त्यांनी ऐकवलं होतं, "सायेब, नंबर नाय तर मी पन नाय." आदल्या दिवाळीत ते गेले. स्टूल तिथंच राहिलं.

हरेशभाईंनी स्विचमध्ये रिलेच्या हुकमाची ओळ टाकली. काही नाही. पुन्हा टाकली... काही नाही. हाताने पत्ते द्यायला पासवर्ड लागत होता, आणि तो माहीत असलेले सर लग्नाला गावी गेलेले, फोन बंद.

अडीचला हरेशभाईंनी वैतागून ती ओळ पुसून टाकली. "शुरू से करतो. पहिले चाय."

पायरीवर एक मुलगी रडत होती. "मॅडम, वर्ष गेलं तर बाबा लग्नच लावून देतील हो."

पुढचं मी पूर्ण शुद्धीत केलं. जावक रजिस्टर उघडलं. विषय — 'लॅबमधील मशीनांस पत्ते मिळणेबाबत'. क्रमांक टाकला, तोच चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर अर्धा कप चहा.

"मॅडम, ये क्या?"

"पेपरवेट," मी म्हटलं.

दोन मिनिटांत वरून आरडाओरडा — "मॅडम, लागलं! सगळी लागली!" तीसच्या तीस मशीनं.

हरेशभाईंनी बशी खाली ठेवली. "पण लाइन तर मी काढली आहे... बघा." मी चष्मा लावून पाहिलं. रिलेची ओळ खरोखरच नव्हती.

"मग आता टाका."

"ना मॅडम. चालू कामाला मी हात लावत नाही."

पाचला दहा मिनिटं असताना चाळिसावा फॉर्म गेला. तो त्या रडणाऱ्या मुलीचा. मी कप उचलायला गेले तर रिकामा. हरेशभाई आजही म्हणतात, त्यांनी प्यायला नव्हता.

नंतर निवृत्त होईपर्यंत मी रोज दुपारी तिथे अर्धा कप ठेवत गेले. चार्ज देताना मात्र नव्या बाईंना सगळं लिहून दिलं, एवढंच सोडून. लाज वाटली.

आठवड्याभरात त्यांचा फोन. "मॅडम, लॅब बंद पडलीय. हरेशभाई स्विचला हात लावायला तयार नाहीत, तुम्हाला विचारा म्हणतात." मग जरा घुटमळल्या. "ते... गणपतराव साखर किती घ्यायचे?"

"दीड चमचा," मी म्हटलं. "आणि जावक क्रमांक विसरू नका."

तासाभरात लॅब सुरू झाली. चिन्मय, तुझ्या पुस्तकांत याचं काही उत्तर असेल तर कळव. मला अजून सापडलेलं नाही.