धूसर फिल्म आणि माझी सही

"सर, ह्ये बी धूसरच आलं."

एस्तरने काच माझ्यासमोर धरली. ही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, जामखेडची. गुरुवारी कमिटी येणार होती. चांगली फिल्म दाखवली नाही तर मुदतवाढ नाही, म्हणजे तिची पाच वर्षं पाण्यात. मला तर त्या काचा बघायचाही वीट आला होता.

पेरोव्हस्काईट हे सोलर सेलचं नवं मटेरियल. त्याचं द्रावण काचेवर टाकायचं, काच गरागरा फिरवायची आणि नेमक्या सेकंदाला वरून दुसरं सॉल्व्हंट सोडायचं. सगळीकडे एकदम स्फटिकांचा बारीक दाणा धरला तर हॉटप्लेटवर काळी, चकचकीत फिल्म मिळते. मोजक्याच ठिकाणी धरला की सुया वाढतात, मध्ये भोकं राहतात. हवेत ओल असली की हमखास बिघडतं. मोठ्या लॅबमध्ये हे काम कोरड्या वायूच्या बंद पेटीत करतात. आमच्याकडे कसली पेटी! नगरची कोरडी हवा, तीच आमची पेटी.

मार्चपर्यंत फिल्म छान येत होती. एप्रिलपासून बिनसलं. मी केमिकल्स बदलली, काचा पुन्हा पुन्हा धुवायला लावल्या. ओलीचं मीटर रोज सकाळी बघत होतो, हवा कोरडी ठाक. शेवटी तिच्यावरच घसरलो.

"लक्ष कुठं असतं गं तुझं? सेकंद चुकवतेस!"

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढची काच धुवायला घेतली.

बुधवारी सकाळी कमिटीसाठी तिची लॅब नोटबुक चाळली. एप्रिलपासून प्रत्येक पानावर एकच ओळ: 'दुपारी सरांचा कूलर चालू. ओल दुप्पट. फिल्म धूसर.' आणि खाली माझी सही.

माझी केबिन म्हणजे लॅबच्याच कोपऱ्यातलं अर्धं पार्टिशन. कूलर माझ्या केबिनमध्ये, म्हणून लॅबशी त्याचा संबंध नाही, असं मी धरून चाललो होतो.

"अगं, मग तोंडानं सांगायचं ना!"

"तुमाला बीपीचा त्रास. उकडलं की चक्कर येती. आन् वहीत लिवलं हुतं की, सर. तुमी सही केली, मला वाटलं तुमाला चालतंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कूलर बंद केला, टाकी रिकामी केली, खिडक्या उघडल्या. दुपारभर घामाघूम बसलो. तिसरी काच काळीभोर निघाली.

"हात चुकत नव्हता गं तुझा."

"म्हाईत हाय, सर," ती म्हणाली आणि पुढची काच लावली.

गुरुवारी मुदतवाढ मिळाली. वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी गेली तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलोय.